पंप-नोझल केलं तरी अ‍ॅव्हरेज परत पडतं? कोकणातल्या ट्रकसाठी शोधाचा क्रम

तक्रार बहुतेक वेळा एकाच चालीची असते. गाडी आधी बरी होती, मग हळूहळू डिझेल जास्त खायला लागली. घाटात ओढत नाही, मागे काळा धूर. मालकाने पंप (डिझेल दाबाने ढकलणारा) आणि नोझल (ते सिलेंडरमध्ये फवारणारे) काढून कॅलिब्रेशनला, म्हणजे मशीनवर मोजून जुळवायला, पाठवले, बिल भरलं, गाडी परत जोडली तेव्हा छान चालली. दोन-तीन महिने गेले आणि पुन्हा तेच. पुन्हा पंप खाली, पुन्हा नवे नोझल, पुन्हा थोडे दिवस आराम. तिसऱ्या वेळेपर्यंत मालकाचा मिस्त्रीवरचा विश्वास उडालेला असतो, नाहीतर ड्रायव्हर डिझेल काढतो अशी त्याची खात्री झालेली असते.

हायवेवरच्या गॅरेजमध्ये रोज याच गाड्या बघतो, म्हणून स्पष्ट सांगतो. नोझल एकदा खराब झाला तर तो झिजला असं म्हणता येईल. सारखा सारखा खराब होत असेल, तर त्याला खराब करणारं काहीतरी गाडीतच बसलेलं आहे आणि ते तसंच ठेवून आपण फक्त नोझलचे पैसे भरतोय. कोकणात ही कारणं घाटमाथ्यावरच्या गाड्यांपेक्षा वेगळी आहेत. इथे टाकीत पाणी जातं, जांभ्या दगडाची लाल धूळ फिल्टरमध्ये बसते, खाऱ्या हवेने ब्रेकचे भाग गंजतात, आणि चढ चढताना गाडी तापते म्हणून कोणीतरी थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरला जाऊ न देणारी झडप) काढून ठेवलेला असतो. पंपाला हात लावण्याआधी हे चार बघायचे.

आधी मोजा

'गाडी खाते' हे वाक्य घेऊन गॅरेजला येऊ नका, आकडा घेऊन या. टाकी फुल करा, किलोमीटर लिहा, गाडी चालवा, पुन्हा त्याच पंपावर, शक्यतो त्याच मशीनजवळ आणि त्याच बाजूला तोंड करून फुल करा. पेट्रोलपंपाची जागा थोडी उतरती असली तरी मोठ्या टाकीत काही लिटरचा फरक दिसतो. मशीनची बंदूक पहिल्यांदा आपोआप बंद होते तिथेच थांबा, वरून ठेचून भरू नका. वजनकाट्याची पावती सोबत ठेवा. भरून गेलेली खेप आणि रिकामी आलेली खेप यांचं अ‍ॅव्हरेज एकत्र काढायचं असेल तर नेहमीच एकत्र काढा. एकदा असं आणि एकदा तसं केलं की आकड्यांना अर्थ उरत नाही.

टायर बदलले असतील तर तेही लिहा. मागच्या चाकांचे टायर पूर्ण झिजलेले असताना चाकाचा घेर लहान असतो, त्यामुळे मीटर जरा जास्त किलोमीटर दाखवतो. नवीन टायर घातले की तोच रस्ता मीटरवर दोन-तीन टक्क्यांनी कमी भरतो. इंजिनात काहीच बिघडलेलं नसताना अ‍ॅव्हरेज पडल्यासारखं वाटतं, आणि या फरकापायी चांगले पंप उघडलेले मी पाहिलेत.

घाटाचा हिशेबही एकदा करून बघावा. गाडी आणि माल मिळून १६ टन धरा. आंबा घाट असो, कुंभार्ली असो की फोंडा, चढताना हे वजन पाचशे मीटर वर उचललं असं समजा. त्या उचलण्याला साधारण ७८ मेगाज्यूल ऊर्जा लागते. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे ३६ मेगाज्यूल असतात, पण चाकापर्यंत त्यातला एक तृतीयांशच्या जरा वर पोहोचतो. म्हणजे फक्त उंची चढायला सहा लिटरच्या आसपास डिझेल जातं. रस्त्याचं घर्षण आणि हवेचा विरोध वेगळाच. कितीही ट्यूनिंग केलं तरी हे सहा लिटर कोणी वाचवू शकत नाही. म्हणून रत्नागिरी-कोल्हापूर करणाऱ्या गाडीची तुलना सावंतवाडी-पणजी करणाऱ्या गाडीशी करू नका. गाडीची तुलना तिच्या स्वतःच्या जुन्या आकड्याशी, त्याच रस्त्यावर आणि त्याच वजनाला करा.

ड्रायव्हरबद्दलही इथेच बोलतो. डिझेलची चोरी होते, नाही असं नाही. पण टाकी, ब्रेक आणि हवा न तपासता माणसावर आळ घेणं मला पटत नाही. आकडा हळूहळू, महिन्यागणिक खाली येत असेल तर ते बहुतेक वेळा गाडीचं दुखणं असतं. चोरीचा आकडा असा सरळ उतरत नाही, वर-खाली उड्या मारतो.

धुराकडे बघा

काळा धूर म्हणजे आत गेलेल्या हवेच्या मानाने डिझेल जास्त पडतंय, किंवा ते नीट फवारून न पडता थेंबांनी पडतंय. हवा कमी असली तरी धूर काळाच येतो. इथेच बहुतेक जण चुकीच्या दिशेला जातात. पांढरा धूर आणि डोळ्यांना झोंबणारा वास म्हणजे डिझेल न जळता बाहेर येतंय. इंजिन थंड असेल, टायमिंग (डिझेल पडायची वेळ) मागे गेलं असेल किंवा एखाद्या सिलेंडरचं कॉम्प्रेशन (हवा दाबून धरायची ताकद) गेलं असेल. पांढऱ्या धुराबरोबर रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर मात्र हेड गॅस्केट बघा. निळा धूर ऑइलचा, त्याचा पंपाशी संबंध नाही.

धूर घाटात, भरलेल्या गाडीला, दाबून रेस दिल्यावरच येतो की सपाटीवर साध्या चालीतही येतो, हे ड्रायव्हरला विचारा. त्याच्याइतकं ते कोणाला माहीत नसतं. पीयूसीच्या जुन्या पावत्याही फेकू नका. तिच्यावर धुराचा जो आकडा छापलेला असतो, तो दर वेळी वाढत चालला असेल तर बिघाड केव्हापासून सुरू झाला याचा अंदाज येतो.

टाकी: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

जांभ्याचे चिरे वाहणारी एक जुनी सहाचाकी गॅरेजला आली होती. मालक वयाने मोठे, स्वतःच चालवणारे. उतरता उतरताच म्हणाले, "मिस्त्री, गाडी परत खाऊक लागली. पंप करून दोन म्हयने पण झाले नाय."

मी म्हटलं, "काकानू, आधी टाकी बघूया."

"टाकीत काय बघूचा? डिझेल आसा ना!"

गाडी रात्रभर गॅरेजलाच उभी ठेवायला सांगितली. सकाळी, स्टार्टर मारायच्या आधी, टाकीखालचा ड्रेन नट हळूच सैल केला आणि खाली पाण्याची रिकामी पारदर्शक बाटली धरली. आधी आलं ते गढूळ तांबूस पाणी. मग त्यात तरंगणारा गंजाचा भुगा, चहापत्तीइतका बारीक. मग काळपट बुळबुळीत तार, बोटाला लागली की सुटत नव्हती. त्याच्यानंतर कुठे पिवळं स्वच्छ डिझेल सुरू झालं. बाटली सपाट जागी ठेवली तेव्हा थर वेगळे झाले आणि पाणी व डिझेल यांच्या मधोमध ती काळी तार पातळ चामडीसारखी पसरली. काकांनी बाटली हातात घेऊन उजेडात धरली आणि विचारलं, "ह्या सगळा पंपात जाता?"

जातं. सगळं नाही, पण जेवढं फिल्टरमधून सुटतं तेवढं नोझलला पुरेसं असतं. पंपाचा प्लंजर (आतला दट्ट्या) आणि बॅरल (तो फिरतो ती नळी) यांच्यातली फट दोन-चार मायक्रॉनची असते, आणि माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा. पंपाच्या या भागांना वेगळं ऑइल मिळत नाही, डिझेल हेच त्यांचं वंगण. त्या जागी पाणी आलं की धातू धातूवर घासतो. गाडी दोन दिवस उभी राहिली तर तिथेच गंजाचे बारीक ठिपके पडतात. नोझलची सुई अडकते किंवा तिची बैठक खराब होते, मग फवारा न येता नळाची तोटी ठिबकावी तसं डिझेल ठिबकतं. ते जळत नाही, धूर होऊन जातं. तुम्ही नवे नोझल घालता, महिनाभर फवारा छान मिळतो, आणि टाकीतलं पाणी आपलं काम पुन्हा सुरू करतं. दोन-तीन महिन्यांचं चक्र म्हणतात ते हेच.

काळी तार जिवाणू आणि बुरशीची असते. त्यांना पाणी आणि डिझेल यांचा सांधा लागतो, वर कोकणासारखी उबदार, दमट हवा मिळाली की ती जोमाने वाढतात. डिझेल फिल्टर काढल्यावर त्याच्यावर असा बुळबुळीत काळा थर दिसला तर फिल्टर बदलून भागणार नाही, टाकी उतरवावीच लागेल.

आता पाणी येतं कुठून? अर्धी रिकामी टाकी रात्री थंड झाली की आतल्या हवेतली वाफ पाणी होऊन भिंतींवरून खाली उतरते, हे खरं आहे, आणि म्हणून संध्याकाळी टाकी भरून ठेवायची जुनी पद्धत चांगली आहे. पण माझ्या मते कोकणातल्या गाड्यांमध्ये जास्त पाणी सरळ झाकणावाटे जातं. झाकणाचं रबर फुगलेलं किंवा फाटलेलं असतं, काही गाड्यांना तर कापडाचा बोळा लावलेला असतो. वर चार महिने कोसळणारा पाऊस. त्यात वॉशिंगवाला प्रेशरचं पाणी नेमकं झाकणावर मारतो. टाकीच्या श्वासनळीचं तोंड तुटलेलं असेल तर तिथूनही. मासळीच्या गाड्यांना आणखी एक त्रास आहे. मिरकरवाडा किंवा हर्णैहून निघालेल्या गाडीतून बर्फाचं खारं पाणी सगळ्या वाटेत गळत राहतं, टाकीचे पट्टे आणि वरचा पत्रा त्याने कुजतो, आणि आतून-बाहेरून पडलेली बारीक भोकं रंगाखाली दिसतही नाहीत. ड्रममधून किंवा कॅनमधून डिझेल भरत असाल तर त्या ड्रमचा तळ आधी बघा.

काय करायचं ते सांगतो. टाकी पट्टे सोडून खाली घ्या. रिकामी करून आत डिझेलनेच खळखळून धुवा. पाण्याने धुतलीत तर ती पूर्ण वाळल्याशिवाय गाडीला लावू नका. टाकीला वेल्डिंग करायचं असेल तर ते नेहमीच्या वेल्डरकडे तशीच नेऊन करू नका. रिकाम्या टाकीतली वाफ स्फोट करते आणि त्यात माणसं गेलेली आहेत. आत गंजाचे पापुद्रे सुटत असतील तर धुण्यात वेळ घालवण्यापेक्षा टाकी बदला. टाकीपासून पंपापर्यंतचे पाइप हवेने फुंकून घ्या, फीड पंपाची (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाची) जाळी काढून बघा, डिझेलचे दोन्ही फिल्टर नवे घाला, झाकणाचं रबर नवं घाला. वॉटर सेपरेटर (डिझेलमधलं पाणी वेगळं करणारी वाटी) नसेल तर बसवून घ्या. आहे त्याचा खालचा नट पावसाळ्यात रोज सकाळी आणि एरवी आठवड्यातून एकदा सोडा. हे काम क्लीनरला शिकवा, दोन मिनिटांचं आहे.

डिझेलच खराब मिळतंय अशी शंका असेल तर पेट्रोलपंपावर घनता मोजून मागा आणि माप बरोबर आहे का ते वैधमापनाचा शिक्का असलेल्या पाच लिटरच्या मापाने बघून घ्या. ग्राहक म्हणून तो तुमचा हक्क आहे. स्वस्त मिळतं म्हणून रस्त्याकडेला बॅरलमधून विकलं जाणारं 'बायोडिझेल' मात्र घेऊ नका. त्यात काय मिसळलंय ते कोणाला सांगता येत नाही.

हवा

डिझेल इंजिनला हवा भरपूर लागते. चिऱ्याच्या खाणीवर, सिलिका वाळूच्या भागात, चालू असलेल्या रस्त्याच्या कामावर चालणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर इतर गाड्यांच्या हिशेबाने बदलून चालत नाही. जांभ्याची धूळ पिठासारखी बारीक असते. हिवाळ्यात ती फिल्टरवर बसते आणि पहिल्या पावसाच्या दमट हवेत तिचा लेप होतो. मग हवा अडते, डिझेल तेवढंच पडत राहतं आणि काळा धूर सुरू होतो. अशा गाडीचा पंप काढून त्याचं डिझेल कमी केलं तर धूर जातो, पण ओढही जाते, आणि ड्रायव्हर खालच्या गिअरमध्ये जास्त रेस देऊन ते डिझेल परत खर्च करतो.

फिल्टरजवळ लाल खूण दाखवणारा इंडिकेटर असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवा. विनाकारण रोज फिल्टर काढून ठोकू नका. प्रत्येक वेळी उघडताना थोडी धूळ आत पडते आणि जोरात ठोकल्याने कागद फाटतो. हवा मारायची तर आतून बाहेर, कमी दाबाने, नळी लांब धरून. मग आत दिवा ठेवून बाहेरून बघा. कुठे उजेडाचा ठिपका दिसला तर तो फिल्टर गेला. जुन्या ऑइल बाथवाल्या (हवा ऑइलवरून गाळणाऱ्या) गाड्यांत खालच्या वाटीतल्या ऑइलचा चिखल झालेला असतो, तो काढून खुणेपर्यंतच नवं ऑइल घाला.

फिल्टरच्या पुढची नळी लोक विसरतात. फिल्टर आणि टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) यांच्यामधल्या रबराला आतून बोट फिरवून बघा. बोट लाल झालं तर कुठेतरी क्लॅम्प सैल आहे किंवा रबर चिरलंय आणि धूळ सरळ इंजिनात जातेय. टर्बोनंतरच्या पाइपांना इंटरकूलरपर्यंत (ती हवा गार करणाऱ्या जाळीपर्यंत) साबणाचं पाणी लावून कोणाला तरी रेस द्यायला सांगा. फेस आला तिथे दाब सुटतोय. टर्बोच्या गाडीत काळा धूर आणि ओढ कमी, दोन्ही एकदम आलं तर मी सगळ्यात आधी हे बघतो.

काढून ठेवलेला थर्मोस्टॅट

हा बिघाड माणसाने केलेला असतो, म्हणून सापडायला उशीर लागतो. घाटात गाडी गरम झाली, कोणीतरी वाटेत थर्मोस्टॅट काढला, काटा खाली आला, सगळे खूश. मग इंजिन पावसाळ्यात आणि सपाटीवर कधी नीट तापतच नाही. डिझेल इंजिन ८० ते ९५ अंशांच्या दरम्यान चाललं पाहिजे. त्याखाली डिझेल अर्धवट जळतं, सिलेंडरच्या लाइनरवरचं ऑइल धुतलं जातं, रिंग झिजतात आणि अ‍ॅव्हरेज पडतं. नव्या गाड्यांत तर इंजिन अजून थंडच आहे असं समजून कॉम्प्युटर डिझेलचं गणितच बदलतो. कित्येक इंजिनांत थर्मोस्टॅट नसला की पाणी रेडिएटरला न जाता बायपासनेच फिरत राहतं आणि भर चढात गाडी उलट जास्त तापते. थर्मोस्टॅट परत घाला आणि तापण्याचं खरं कारण शोधा. रेडिएटरची जाळी चिखल आणि किड्यांनी भरली आहे का, पट्टा सैल आहे का, झाकण दाब धरतं का, फॅनचा क्लच धरतो का. फॅनचा क्लच कायमचा जाम झाला असेल तर तोही सतत इंजिनची ताकद खातो.

आता पंप

वरचं सगळं आणि शेवटी सांगितलेले ब्रेकही ठीक असतील, किंवा ठीक केल्यावरही धूर आणि अ‍ॅव्हरेज तसंच राहिलं असेल, तेव्हा पंप-नोझलकडे या. मेकॅनिकल पंपाच्या गाडीत आधी कोणता सिलेंडर आळशी आहे ते शोधता येतं. इंजिन स्लोवर ठेवून एकेका नोझलच्या पाइपचा नट थोडा सैल करा. ज्या सिलेंडरचा नट सैल केल्यावर इंजिनच्या आवाजात फरक पडत नाही, तो काम करत नाही. तिथला नोझल किंवा कॉम्प्रेशन तपासा. ही चाचणी फक्त जुन्या पंपाच्या गाड्यांसाठी आहे. कॉमन रेलच्या (कॉम्प्युटरने डिझेल सोडणाऱ्या) गाडीत चालू इंजिनचा एकही पाइप सैल करू नका. तिथे दाब हजार-दीड हजार बारच्या वर जातो, बारीक धार कातडीतून आत शिरते आणि हात कापायची वेळ येते.

कॅलिब्रेशनला पाठवताना काय करून हवंय ते चिठ्ठीवर लिहून द्या. नोझलचा उघडण्याचा दाब त्या इंजिनच्या आकड्याला लावायचा. बहुतेक जुन्या डायरेक्ट इंजेक्शन इंजिनांत तो २०० ते २५० बारच्या पट्ट्यात असतो, पण पट्टा पाहून लावू नका, तुमच्या इंजिनचा नेमका आकडा लावून घ्या. फवारा समोर उभं राहून बघा: सगळ्या भोकांतून सारखा, धुक्यासारखा आणि शेवटी थेंब न राहता बंद होणारा. पंपाच्या प्रत्येक नळीतून पडणारं डिझेल सारखं आहे का, तो कागद मागून घ्या. नवी स्प्रिंग सुरुवातीला थोडी बसते आणि दाब उतरतो, म्हणून नवे नोझल काही दिवस चालवून पुन्हा तपासले तर चांगलं.

'जरा पिकअप वाढवून द्या' हे वाक्य मात्र बोलू नका. मॅक्स फ्युएलचा (जास्तीत जास्त डिझेल ठरवणारा) स्क्रू फिरवला की घाटात गाडी जोर करते, ते खरं. पण तेवढी हवा आत जात नसेल तर वाढवलेलं डिझेल धूर होऊन बाहेर पडतं, एक्झॉस्ट तापतो आणि पिस्टन व टर्बो दोघांचं आयुष्य कमी होतं. पंपाला सील असतं ते याचसाठी.

नोझल बसवताना खालचा तांब्याचा वॉशर नवा आणि एकच घाला. जुना तसाच राहून त्यावर दुसरा बसला, तर नोझल वर उचलला जातो, फवारा पिस्टनच्या वाटीत पडायचा तो भलतीकडे पडतो, आणि उत्तम कॅलिब्रेशन केलेली गाडीही धूर मारते. नोझल काढल्यावर भोकात टॉर्च मारून बघायला एक मिनिट लागतं.

मग टायमिंग. पंपाच्या कपलिंगचे बोल्ट सैल होतात, खुणा सरकतात. दोन-तीन डिग्री मागे गेलं तरी ओढ कमी, एक्झॉस्ट गरम आणि सकाळी पांढरा धूर. पुढे गेलं तर इंजिन कडक ठोकतं. पंप जोडताना खुणा जुळवून पुन्हा स्पिलवर (डिझेल नेमकं कधी सुटतं ते बघून) तपासलं का, ते मिस्त्रीला विचारा. टॅपेट सेटिंग (व्हॉल्व्हची फट लावणं) याच वेळी करून घ्या, इंजिनच्या पाटीवर लिहिलेल्या मापाने आणि थंड की गरम हे बघून.

बीएस सिक्सच्या गाड्या

देशभर १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्या बीएस सिक्सच्या (धुराच्या कडक नियमांच्या) आहेत आणि त्यांचं दुखणं वेगळं आहे. खाणीवरून बांधकामापर्यंत आठ-दहा किलोमीटरच्या खेपा मारणाऱ्या गाडीचा सायलेन्सर पुरेसा तापतच नाही. काजळीचा फिल्टर जाळून साफ करायला गाडी जादा डिझेल वापरते, ते काम अर्धवट असताना इंजिन बंद होतं, मग पुन्हा पहिल्यापासून. या फिल्टरचा दिवा लागल्यावर गाडी हायवेवर घेऊन एका चालीत चालवा किंवा उभ्या गाडीची साफसफाई पूर्ण होऊ द्या, मध्ये बंद करू नका. डीईएफ (धुरातले विषारी वायू कमी करायला वापरतात ते) ३२.५ टक्के युरियाचं तयार द्रव असतं. घरी युरिया विरघळवून किंवा पाणी घालून वाढवू नका. इंजेक्टरची शंका असेल तर रिटर्न टेस्ट (इंजेक्टरमधून परत जाणारं डिझेल मोजणं) करून घ्या. ज्याचं रिटर्न बाकीच्यांपेक्षा जास्त, तो झिजला. टाकीतल्या पाण्याबद्दल वर लिहिलं ते या गाड्यांना दुप्पट लागू आहे, कारण इथे एकेका इंजेक्टरची किंमत जुन्या गाडीच्या सगळ्या नोझलांहून जास्त पडते.

चिप किंवा मॅपिंग करून अ‍ॅव्हरेज वाढवून देतो म्हणणारे भेटतील. गाडीत बनवणाऱ्याने ठरवलेल्याबाहेर बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे बंदी आहे, वॉरंटी जाते, आणि डीईएफ बंद करणारं यंत्र बसवलं तर विषारी वायू आपल्याच गावात सोडतोय हेही लक्षात घ्या.

इंजिन निर्दोष असेल तर

ब्रेक लागून राहणं हे कोकणातलं फार मोठं कारण आहे आणि ते इंजिनच्या खात्यावर जमा होतं. पावसाळ्यानंतर एस-कॅमचे (ब्रेकचे लाइनर ड्रमवर दाबणाऱ्या दांड्याचे) बुश गंजून जड होतात, ब्रेकचा लाइनर ड्रमवरून पूर्ण सुटत नाही. सपाट रस्त्यावर काही किलोमीटर शक्यतो ब्रेक न मारता गाडी चालवून थांबवा आणि चारी बाजूंच्या हबवर तापमापक बंदूक मारा. नसेल तर हाताचा पंजा हबजवळ आणा, टेकवू नका. एक हब बाकीच्यांपेक्षा गरम असेल तर तिथे डिझेल जळतंय. स्लॅक अ‍ॅडजस्टर (ब्रेकची फट लावणारा) सोडवून, बुशला ग्रीस मारून, स्प्रिंग बदलून घ्या.

टायरची हवा थंड असताना, गेजने तपासा, लाथ मारून नाही. सगळ्या चाकांत दहा टक्के हवा कमी असेल तर साधारण एक टक्का डिझेल जास्त जातं. जोडचाकातलं आतलं चाक नेहमी विसरलं जातं. क्लच घसरत असेल तर चढाला इंजिनचा आवाज वाढतो आणि गाडी तेवढी वाढत नाही.

आणि न्यूट्रल. घाट उतरताना डिझेल वाचतं म्हणून गाडी न्यूट्रल करणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगतो, वाचत नाही. गिअरमध्ये असताना पाय काढला की पंप किंवा कॉम्प्युटर डिझेल बंद करतो, कारण चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये इंजिनला स्लो ठेवायला डिझेल द्यावंच लागतं. शिवाय सगळं वजन ब्रेकवर येतं, ड्रम तापतात आणि करूळ घाटाच्या मधल्या वळणावर पॅडल दाबून काही होत नाही. ज्या गिअरने चढाल त्याच्याच आसपासच्या गिअरने उतरा, एक्झॉस्ट ब्रेक वापरा.

एवढं करूनही आकडा परत आला नाही तर मिस्त्रीकडे जाताना हे लिहून न्या: इंजिनचं मॉडेल, शेवटच्या काही टाक्यांचे लिटर आणि किलोमीटर, भरलेलं वजन, रस्ता कोणता, धुराचा रंग आणि तो कधी येतो, पाण्याच्या काट्याचा आकडा, ऑइल किती लागतं, पंप शेवटी कधी केला आणि त्याचा कागद. ऑइल भरायचं झाकण चालू इंजिनला उघडून वाफेचा जोर किती आहे तेही बघा. तिथून जोरात धूर येत असेल तर रिंग-लाइनरचं काम आहे, आणि ते होईपर्यंत पंपावर आणखी पैसे घालू नका.